अन्नछत्रांतून उभें राहिलेलें क्रीडांगण

आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत आमच्या हातून कांहीं ऐतिहासिक मजकूर पडावा अशी महोत्सव समितीनें आज्ञावजा विनंति केली, तेव्हां देवळाच्या जुन्या दप्तरांतून एखादा विषय काढावा असें आमच्या मनांत प्रथम आलें. परंतु गेलें वर्षभर ज्या प्रश्नानें घरोघरीं, ओटीओटीवर आणि रविवारच्या मिस्सेनंतर देवळाच्या पायऱ्यांवर वाद माजविला आहे, तो प्रश्न दप्तरांतला नसून देवळामागील मैदानाचा आहे. तरुणांचें म्हणणें असें कीं, महोत्सवाची आठवण म्हणून मैदान सपाट करून घ्यावें, पावसाचें पाणी वाहून जाईल अशी मोरी काढावी आणि प्रेक्षकांसाठीं गॅलरी बांधावी. वडीलधाऱ्यांचें म्हणणें असें कीं, गोरगरिबांच्या निधींत खडखडाट असतां चेंडूच्या खेळासाठीं एवढा पैसा मातींत घालणें ख्रिस्ती माणसास शोभत नाहीं. दोन्ही पक्षांनीं आम्हांस आपापल्या बाजूस ओढून पाहिलें आहे.

ह्या वादांत निवाडा देण्याचें आम्हीं आजवर टाळलें. परंतु आमच्या वाचनांत असें एक क्रीडामंडळ आलें आहे कीं, ज्याची स्थापना आपल्यासारख्याच एका धर्मग्रामाच्या सभागृहांत झाली, जें गरीब मुलांच्या जेवणासाठीं निघालें, आणि ज्यास पुढें १३० हून अधिक वर्षें मैदानाच्या खर्चाशीं झुंजावें लागलें. तें मंडळ म्हणजे स्कॉटलंड देशांतील ग्लासगो शहराचें सेल्टिक फुटबॉल मंडळ. त्याचा इतिहास येथें क्रमानें सांगावा आणि त्यांतून आपल्या मैदानाविषयीं कांहीं बोध निघतो काय तें पाहावें, असा आमचा हेतु आहे.

देवळाचा आणि ह्या खेळाचा संबंध आपल्याकडेही परका नाहीं. गोमंतकांत फुटबॉल आणण्याचें श्रेय फादर विल्यम रॉबर्ट लायन्स ह्या ब्रिटिश धर्मगुरूंस दिलें जातें. १८८३ सालीं शिवोली येथें त्यांनीं ख्रिस्ती शिक्षणाचा एक भाग म्हणून हा खेळ मुलांस शिकविला. मुलांच्या अंगीं शिस्त यावी, संध्याकाळचा वेळ कुसंगतींत न जातां मोकळ्या हवेंत जावा, हा त्यांतील उद्देश. ग्लासगोच्या धर्मबंधूंचा उद्देश मात्र याहून निराळा व अधिक निकडीचा होता. त्यांना मुलांच्या पोटांत अन्न घालावयाचें होतें.

१८४५ सालीं आयर्लंडांत बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढील कांहीं वर्षांत सुमारे १० लाख माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं आणि त्याहून अधिक देश सोडून गेलीं. त्यांतील हजारों कुटुंबें समुद्र ओलांडून जवळच्या ग्लासगो शहरीं उतरलीं. गिरण्या, गोद्या आणि विटांच्या भट्ट्या यांत मिळेल तें काम करून शहराच्या पूर्व भागांत, कॅल्टन, ब्रिजटन, पार्कहेड ह्या वस्त्यांत, एकेका खोलींत आठ-आठ, दहा-दहा माणसें राहूं लागलीं. बहुतेक सर्व कॅथलिक. परक्या देशांत त्यांस मान नव्हता, हातांत कसब नव्हतें, आणि काम सुटलें कीं चूल विझत असे.

ह्या वस्तींत सेक्रेड हार्ट शाळेचे मुख्याध्यापक होते मारिस्ट संघाचे ब्रदर वॉल्फ्रिड. त्यांचें मूळ नांव अँड्र्यू केरिन्स. जन्म १८४० सालीं आयर्लंडच्या स्लायगो परगण्यांतील बॅलिमोट येथें. म्हणजे दुष्काळ त्यांनीं लहानपणीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला होता. शाळेंत मुलें कां येत नाहींत, आलीं तरी त्यांचें चित्त धड्यांत कां लागत नाहीं, ह्याचें कारण त्यांना कोणीं सांगावें लागलें नाहीं. १८८४ सालीं त्यांनीं संत विन्सेंट दि पॉल मंडळाच्या साह्यानें शाळेच्या मुलांसाठीं अन्नछत्र सुरू केलें. एका पेनीस गरम जेवण मिळत असे. ही एक पेनी घेण्यांतही शहाणपण होतें. कारण फुकटचें खातों असें मुलांस वाटूं नये, आणि परपंथीयांच्या अन्नछत्राच्या दाराशीं धर्म गहाण टाकून उभें राहण्याची पाळी त्यांच्या आईबापांवर येऊं नये, अशी ब्रदरांची काळजी होती.

परंतु पेनी-पेनीनें अन्नछत्र चालत नाहीं. वर्गणी देणारे स्वतःच गरीब होते. तेव्हां ब्रदरांची दृष्टि एडिंबरो शहराकडे गेली. तेथें कॅनन एडवर्ड हॅनन ह्या धर्मगुरूंच्या आश्रयाखालीं १८७५ सालीं आयरिश तरुणांनीं हायबर्निअन नांवाचें फुटबॉल मंडळ काढलें होतें. १८८७ च्या फेब्रुवारींत त्या मंडळानें स्कॉटिश चषक जिंकला आणि त्याचा सत्कार ग्लासगोच्या सेंट मेरी धर्मग्रामाच्या सभागृहांत झाला. जे आयरिश मजूर देवळाच्या थाळींत महत्प्रयासानें एक पेनी टाकीत, तेच सामन्याच्या दाराशीं आनंदानें सहा पेन्या मोजतात, ही गोष्ट ब्रदरांच्या लक्षांत आली. ६ नोव्हेंबर १८८७ रोजीं त्याच सभागृहांत सभा भरली आणि सेल्टिक मंडळाची स्थापना झाली. वर्गणीसाठीं जें पत्रक काढलें त्यांत उद्देश स्पष्ट लिहिला होता: सेंट मेरी, सेक्रेड हार्ट आणि सेंट मायकेल ह्या तीन धर्मग्रामांतील गरजू मुलांच्या अन्नछत्रांस द्रव्य पुरविणें. ग्लासगोचे आर्चबिशप चार्ल्स आयर मंडळाचे आश्रयदाते झाले.

आतां मैदानाची गोष्ट. जेनफील्ड दफनभूमीच्या शेजारीं सुमारे सहा एकरांची पडीक जमीन वार्षिक ५० पौंड भाड्यानें घेण्यांत आली. मजूर लावण्यास पैसा नव्हता. पण वर्गणीदारच मजूर होते. दिवसभर दुसऱ्याच्या कामावर राबून आलेलीं माणसें संध्याकाळीं येथें कुदळ-फावडें घेऊन उभीं राहत. सहा महिन्यांत जमीन सपाट झाली, बांध पडले, मातीची उतरती बैठक तयार झाली आणि एक लहानशी लाकडी गॅलरीही उभी राहिली. २८ मे १८८८ रोजीं ह्या मैदानावर सेल्टिकनें पहिला सामना खेळला आणि शहरांतील रेंजर्स मंडळास ५-२ असें हरविलें. प्रेक्षक सुमारे २,००० होते. पहिल्याच हंगामाच्या उत्पन्नांतून दानधर्मासाठीं ४०० पौंडांहून अधिक रक्कम निघाली. वर्षाचें भाडें ५० पौंड आणि धर्मकार्यास त्याच्या आठपट, हें प्रमाण वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

येथपर्यंतची हकीकत पुष्कळदां सांगितली जाते. पुढील भाग सांगतांना मात्र लोक चाचरतात. मंडळास चांगले खेळाडू हवे होते, आणि ते मिळाले कोठून? ज्या हायबर्निअन मंडळाचा कित्ता गिरविला, त्याचेच कित्येक उत्तम खेळाडू १८८८ सालीं सेल्टिकमध्यें येऊन दाखल झाले. हायबर्निअनची पुढें इतकी दैना झाली कीं १८९१ सालीं त्यास खेळ बंद करावा लागला, आणि तें मंडळ पुन्हां नव्यानें उभारावें लागलें. एका धर्मग्रामाच्या दानशूर मंडळानें दुसऱ्या धर्मग्रामाच्या मंडळाचें अंगण ओस पाडलें. उद्देश कितीही पवित्र असो, जिंकण्याची हांव शिरली कीं शेजाऱ्याची पर्वा राहत नाहीं, ही गोष्ट आपल्याकडील सामन्यांतही आम्हीं पाहिली आहे.

मैदान गाजलें तसा जमीनमालकही जागा झाला. १८९१ सालीं त्यानें ५० पौंडांचें भाडें एकदम ४५० पौंड मागितलें. ज्या मातीस किंमत आणली ती सभासदांच्या घामानें. परंतु कागदोपत्रीं माती मालकाची होती. आयर्लंडांत आपली शेतें सुधारून जास्त खंडाच्या फेऱ्यांत सांपडलेल्या कुळांचीच हीं माणसें मुलें होतीं. हाच प्रकार त्या सुमारास लिव्हरपूल शहरींही झाला. सेंट डोमिंगो ह्या मेथडिस्ट प्रार्थनामंदिराच्या तरुणांतून निघालेल्या एव्हर्टन मंडळाचा आपल्या मैदानाच्या मालकाशीं भाड्यावरून तंटा होऊन १८९२ सालीं तें ॲनफील्ड सोडून गुडिसन पार्क येथें गेलें. भाड्याच्या जागेवर घाम गाळावा कीं नाहीं, हा प्रश्न पंथापंथांत भेद करीत नाहीं.

सेल्टिकनें रस्त्यापलीकडे नवी जागा पाहिली. ती होती विटांच्या भट्टीची सोडलेली खाण: खोल खड्डा, त्यांत साचलेलें पाणी. तो बुजविण्यास सुमारे १,००,००० गाड्या माती लागली असें मंडळाच्या जुन्या माणसांनीं लिहून ठेवलें आहे. पुन्हां लोक फावडीं घेऊन आले. १९ मार्च १८९२ रोजीं मैदानाच्या मध्यभागीं हिरवळीचा पहिला तुकडा बसविण्यास मायकेल डॅव्हिट ह्यांस पाचारण केलें होतें. आयर्लंडांतील कुळांच्या हक्कांसाठीं १८७९ सालीं लँड लीग स्थापणारे हेच ते पुढारी. डोनेगल परगण्यांतून आणलेली, शॅमरॉकसह असलेली ती हिरवळ त्यांनीं बसविली आणि लवकरच कोणीतरी ती रातोरात चोरून नेली! दफनभूमीच्या कडेहून ह्या नव्या जागीं येणें म्हणजे स्मशानांतून नंदनवनांत येणें होय, असें एका बातमीदारानें म्हटल्याचें सांगतात. तेव्हांपासून त्या मैदानास नंदनवन हेंच टोपणनांव पडलें आहे.

परंतु नंदनवनाचा खर्च मोठा होता, आणि त्याच वर्षीं एक घटना घडली. १८९२ च्या ऑगस्टांत ब्रदर वॉल्फ्रिड ह्यांची त्यांच्या संघानें लंडनला बदली केली. आज्ञाधारक धर्मबंधूप्रमाणें ते निमूटपणें गेले आणि तेथेंही पूर्व लंडनच्या अनवाणी मुलांसाठीं खेळ मांडूं लागले. इकडे ग्लासगोंत अन्नछत्रांचा पक्ष घेऊन भांडणारा मुख्य माणूस उरला नाहीं. १८९३ सालीं स्कॉटलंडांत खेळाडूंस उघड वेतन देण्यास परवानगी मिळाली. वेतनें आलीं, नव्या गॅलऱ्या आल्या, सायकलींच्या शर्यतींसाठीं सिमेंटचा मार्ग आला. हिशेबाच्या वहींत अन्नछत्राचा वांटा घटत घटत अखेर नाहींसा झाला. १८९७ सालीं मंडळाची मर्यादित कंपनी झाली, तिनें मैदान विकत घेतलें आणि भागधारकांना लाभांश मिळूं लागला. कंपनी होऊं नये म्हणून जुन्या सभासदांपैकीं कांहींजण वर्षानुवर्षें सभांतून झगडले. पण त्यांचें बहुमत झालें नाहीं.

आम्ही येथें कोणास चोर ठरवीत नाहीं. कंपनी झाली नसती तर कदाचित् मंडळ कर्जांत बुडालें असतें. तथापि हेंही नमूद केलें पाहिजे कीं, कोणा एका दिवशीं, कोणा एका सभेंत, मुलांचें जेवण बंद करावें असा ठराव झाला नाहीं. दर वर्षीं मैदानाची निकड पुढें आली, आणि यंदा नाहीं तर पुढील वर्षीं देऊं असें म्हणतां म्हणतां तें जेवण विसरलें गेलें.

मैदानावरील खर्च मात्र नेहमींच शहाणपणाचा होता असें नाहीं. त्या काळीं जेम्स ग्रँट नांवाच्या एका संचालकानें स्वतःच्या पैशानें मैदानाच्या एका बाजूस भव्य खासगी गॅलरी उभारली. श्रीमंत प्रेक्षकांसाठीं गादीच्या खुर्च्या, वाऱ्यापावसापासून बचाव व्हावा म्हणून समोर सरकत्या कांचा. परंतु आंतील माणसांच्या श्वासानें कांचांवर दंव धरूं लागलें आणि खेळच दिसेना; शिवाय एवढे जिने चढून जाण्यास लोक कंटाळत. ती गॅलरी तोट्याची ठरली, आणि १९०४ सालीं समोरची दुसरी गॅलरी आगींत जळाल्यावर मंडळानें ती विकत घेतली.

उलटपक्षीं, जेथें पैसा लागावयास हवा होता तेथें तो न लागल्यास काय होतें, हें त्याच शहरानें पाहिलें. ५ एप्रिल १९०२ रोजीं रेंजर्स मंडळाच्या आयब्रॉक्स मैदानावर स्कॉटलंड व इंग्लंड यांचा सामना चालू असतां लोखंडी खांबांवर उभारलेल्या उंच लाकडी गॅलरीच्या फळ्या मोडल्या, भगदाड पडलें आणि माणसें सुमारे ४० फूट खालीं कोसळलीं. २५ जण मेले, ५०० हून अधिक जखमी झाले. त्यानंतर उंच उभ्या बैठकांसाठीं लाकूड सोडून मातीचे भरीव उतार करण्याची रीति रूढ झाली. २ जानेवारी १९७१ रोजीं त्याच मैदानाच्या एका जिन्यावर, सेल्टिकविरुद्धचा सामना संपून लोक बाहेर पडत असतां, चेंगराचेंगरींत ६६ माणसें दगावलीं. १५ एप्रिल १९८९ रोजीं इंग्लंडांतील शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर लोखंडी जाळ्यांनीं बंद केलेल्या कोंडवाड्यांत गर्दी कोंडली गेली आणि ९७ जीव गेले. त्यांतील शेवटचा त्या दिवसाच्या जखमांमुळेंच २०२१ सालीं गेला. ह्या माणसांच्या घरच्यांपुढें मैदानावरचा खर्च व्यर्थ होय असें बोलण्यास कोणाची जीभ रेटेल?

ह्या काळोख्या पानांमध्यें एक प्रसन्न पान आपल्या देशाचेंही आहे. १९३६ सालीं कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग मंडळाचा मोहम्मद सलीम हा खेळाडू आपल्या नात्यांतील माणसाबरोबर ग्लासगोस गेला आणि सेल्टिकच्या दुसऱ्या संघांतून दोन सामने खेळला. त्याच्या पायांत बूट नव्हते. पट्ट्या बांधून तो अनवाणीच खेळे. युरोपांतील मंडळाकडून खेळणारा तो पहिला हिंदी खेळाडू मानला जातो. त्यास तेथें राहण्याचा आग्रह झाला. पण घरची ओढ लागून तो परत आला. त्याच्या घरीं अशी हकीकत सांगितली जाई कीं, त्याच्यासाठीं एक सामना करून उत्पन्नाचा वांटा देऊं केला असतां, तो पैसा अनाथ मुलांस द्यावा असें त्यानें सुचविलें. त्या मैदानाचा मूळ उद्देश एका मुसलमान पाहुण्यास आपोआप आठवावा, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

आतां आपल्या काळाकडे येऊं. हिल्सबरोच्या चौकशीनंतर न्यायाधीश टेलर ह्यांनीं १९९० च्या जानेवारींत अंतिम अहवाल दिला आणि मोठ्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकास बसण्याची जागा असावी असें सुचविलें. सूचना योग्य होती; पण तिचा खर्च प्रचंड होता. सेल्टिकचे तत्कालीन चालक शहराबाहेर नवें क्रीडागार बांधण्याच्या गोष्टी करीत राहिले आणि इकडे कर्ज वाढलें. ४ मार्च १९९४ रोजीं, बँकेची मुदत संपण्याच्या अखेरच्या घटकेस, कॅनडांत जाऊन धनवान् झालेले फर्गस मॅककॅन हे पैसा घेऊन आले आणि मंडळ वांचलें. पुढील वर्षीं त्यांनीं भाग विक्रीस काढले. १०,००० हून अधिक सामान्य चाहत्यांनीं ते घेऊन सुमारे १ कोटी ४० लाख पौंड उभे केले. ज्यांच्या पणजोबांनीं फावडीं आणलीं होतीं त्यांनीं आतां बचतीचीं पुस्तकें आणलीं. नंदनवन त्याच जागीं नव्यानें बांधलें गेलें. १९९८ सालीं काम पुरें झालें तेव्हां सुमारे ६०,००० खुर्च्या झाल्या होत्या आणि खर्च सुमारे ४ कोटी पौंड आला होता.

क्रीडागार म्हणजे सामन्याचें स्थान. पण खेळाडू घडतो तो सरावाच्या मैदानावर. उंच गॅलऱ्यांच्या सावलींत ऊन व वारा कमी पडून गवत खुंटतें, त्यामुळें मुख्य मैदानावर रोज पाय टाकतां येत नाहीं. सेल्टिकचे खेळाडू अनेक वर्षें जवळच्या बॅरोफील्ड येथील साध्या मैदानावर सराव करीत. २००७ सालीं शहराच्या उत्तरेस, कॅम्प्सी टेकड्यांच्या पायथ्याशीं लेनॉक्सटाउन येथें नवें सरावकेंद्र उघडण्यांत आलें. तेथें गवताचीं व कृत्रिम हिरवळीचीं मैदानें आहेत, व्यायामशाळा आहे, दुखापतींवर उपचारांची सोय आहे. खर्च सुमारे ८० लाख पौंड, म्हणजे क्रीडागाराच्या एक-पंचमांश. २००९ पासून मंडळानें जवळच्या कर्किंटिलॉक गांवच्या सेंट निनियन ह्या कॅथलिक विद्यालयाशीं सहकार्य करून निवडक मुलांच्या शिक्षणाची व सरावाची एकत्र सांगड घातली आहे. मारिस्ट ब्रदरांच्या शाळेंत जो खेळ जन्मला, तो अशा रीतीनें फिरून शाळेच्या दाराशीं आला आहे.

निव्वळ व्यवहाराच्या दृष्टीनेंही पाहावें. वयाच्या सातव्या वर्षीं मंडळांत आलेला कीरन टियर्नी हा खेळाडू २०१९ सालीं लंडनच्या आर्सेनल मंडळाकडे गेला तेव्हां सेल्टिकला २ कोटी ५० लाख पौंड मिळाले. एका मुलाच्या जडणघडणींतून सरावकेंद्राचा खर्च तीन वेळां भरून निघाला असें हिशेबनीस म्हणेल. परंतु मूल हें पीक नव्हे. अशा केंद्रांत येणाऱ्या मुलांपैकीं फार थोडीं त्या उंचीस पोहोंचतात; बाकीचीं पंधरा-सोळाव्या वर्षीं घरीं परततात. त्यांच्या हातीं शाळेची विद्या आणि अंगीं चांगलें वळण राहिलें तरच तो खर्च सार्थकीं लागला असें आम्ही म्हणूं.

मोठ्या शहरांतील क्रीडागारांचे आंकडे तर आतां सामान्य माणसाच्या कल्पनेबाहेर गेले आहेत. लंडनचें वेंब्ली क्रीडागार १९२३ सालीं साडेसात लाख पौंडांत झालें. तें पाडून त्याच जागीं २००७ सालीं उघडलेल्या नव्या वेंब्लीस सुमारे ८० कोटी लागले. १८९२ सालीं भाड्यावरून स्थलांतर केलेल्या एव्हर्टननें २०२५ सालीं गुडिसन पार्क सोडलें आणि मर्सी नदीकांठच्या गोदींत उभारलेल्या नव्या क्रीडागारांत बिऱ्हाड हलविलें. तें तर ह्याच कोटींतील आंकड्यांत गेलें. पौंडाची किंमत कितीही घसरली असली तरी ही वाढ केवळ महागाईची नव्हे. हा पैसा शेवटीं येतो तो तिकीट काढणाऱ्याच्या खिशांतून. आणि तिकीट इतकें चढलें कीं ज्या वस्तीनें मंडळ जन्मास घातलें तिच्याच मुलांस दाराबाहेर राहावें लागतें, तर तें क्रीडागार कोणासाठीं?

सेल्टिकच्या बाबतींत एक समाधानाची गोष्ट सांगावयाची राहिली. १९९५ सालीं, क्रीडागाराचें बांधकाम ऐन रंगांत असतांनाच, मॅककॅन ह्यांनीं मंडळाचा धर्मादाय निधि पुन्हां स्थापन केला. त्याचें कार्य आज मंडळाच्या प्रतिष्ठानामार्फत चालतें. आणि २००५ सालीं क्रीडागाराच्या दर्शनी भागीं ब्रदर वॉल्फ्रिड ह्यांचा पुतळा बसविण्यांत आला. ते स्वतः १७ एप्रिल १९१५ रोजीं निवर्तले आणि डम्फ्रीज येथें त्यांच्या संघाच्या भूमींत पुरले गेले. ज्या घरांतून धनी शंभर वर्षें बाहेर होता, त्या घराच्या दाराशीं तो उभा राहिला. आंत पाऊल टाकणाऱ्या ६०,००० माणसांस तो विचारीत असेल, मुलें जेवलीं का?

आतां आपल्या मैदानाकडे येतों. हा इतिहास वाचून आमचें मत असें झालें आहे कीं, आपल्या वादांतील दोन्ही पक्षांचें म्हणणें अर्धें अर्धें खरें आहे. मैदानावर खर्च करणें पाप नव्हे. पावसाळ्यांत चिखलांत घसरून ज्या मुलाचा पाय मोडतो त्याचा बाप रोजंदारीवर जाणारा आहे. दवाखान्याचें बिल त्याच्यानें भरवत नाहीं. म्हणून जमीन सपाट करणें व मोरी काढणें हें काम आधीं व्हावें, आणि तें वर्गणीनें तितकेंच श्रमदानानें व्हावें. गॅलरी करावयाची तर ती मातीच्या भरीव पायऱ्यांची, ठेंगणी व रुंद वाटेची असावी. प्रतिष्ठितांसाठीं छपराची निराळी बैठक नको. मैदानाची जमीन धर्मग्रामाच्या नांवें आहे कीं नाहीं, ह्याचे कागद कुदळ मारण्यापूर्वीं तपासावे.

आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, गोरगरिबांचा वांटा आधीं ठरवावा. सेल्टिकच्या सभासदांनीं तो उद्देशपत्रकांत लिहिला होता, तरी तो सुटला. कारण दर वर्षीं तो वाचून दाखविण्याचा नेम त्यांनीं केला नाहीं. आपण असा नेम करूं. मैदानावरील प्रत्येक सामन्याच्या उत्पन्नाचा एक-चतुर्थांश संत विन्सेंट दि पॉल मंडळाकडे जावा, आणि देवळाच्या सणाच्या दिवशीं, मिस्सेनंतर, दोन आंकडे मोठ्यानें वाचावे: मैदानास किती लागले आणि गरिबांस किती गेले. दुसरा आंकडा ज्या वर्षीं वाचावयास लाज वाटेल, त्या वर्षीं मैदानावर एकही नवी वीट चढूं नये. ही सूचना आम्हीं समितीपुढें लेखी ठेवली आहे. तिच्यावर वडीलधाऱ्यांनीं आणि तरुणांनीं एकत्र बसून विचार करावा अशी आमची विनंति आहे.

पन्नास वर्षांपूर्वीं ज्यांनीं डोक्यावरून घमेलीं वाहून हें देऊळ उभें केलें, त्यांपैकीं फार थोडे आज आपल्यांत आहेत. त्यांनीं भिंती बांधल्या त्या आंत माणसें जमावीं म्हणून. मैदानासही तोच न्याय लावावा. पांच भाकरी व दोन मासळ्या घेऊन हजारोंस तृप्त करणारा प्रभु आपल्या थोड्या पैशास पुरवठा देवो, खेळणाऱ्या मुलांचें रक्षण करो, आणि खेळ संपल्यावर एकही मूल उपाशीं घरीं जाणार नाहीं अशी बुद्धि आपणां सर्वांस देवो.